हात दाव, मग पळ

“हात दाव.”

पैलवानांचं पहिलं वाक्य हेच. रामराम नाही, कसं काय नाही, पाऊसपाणी नाही. शिवजयंतीच्या दिवशी शाळेच्या पटांगणावर कुणी पळायच्या कपड्यांत दिसला, की पैलवान त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “हात दाव.” पोरगं उजवा हात पुढं करायचं. पैलवान तो नुसता बघितल्यासारखा करायचे. “दुसरा.” मग कोपराच्या आतल्या बाजूला, शीर वर येते तिथं, अंगठ्यानं हलकं दाबायचे आणि पोराच्या तोंडाकडं बघत राहायचे. हाताकडं नाही, तोंडाकडं. पोराचं तोंड जरा वाकडं झालं की, “बस.” नाही झालं तर, “पळ.”

संपलं. त्यावर अपील नाही.

तुम्हाला वाटेल हे कुणी डॉक्टर असतील, निदान कंपाउंडर तरी. कसले हो! आयुष्यभर भातगिरणीवर पोती उचलली आणि तरुणपणी तालमीत माती उडवली, एवढीच त्यांची डॉक्टरकी. अंगानं अजून दांडगे, कान कुस्तीत चुरगळलेले, आणि डोळे असे की समोरच्यानं काही केलेलं नसलं तरी त्याला वाटावं आपण काहीतरी केलंय.

माझा धंदा मांडवाचा. भोरपासून वेल्ह्यापर्यंत लग्न, बारसं, दहावा, सभा, जिथं चार माणसं बसतात तिथं माझ्या खुर्च्या असतात. आणि ज्याच्या खुर्च्या गावोगाव फिरतात, त्याचा माणसावर विश्वास राहत नाही. खुर्च्या मागायला येताना सगळे देवमाणूस असतात, आणि महिन्याभरानं त्यांच्याच ओसरीवर माझी खुर्ची दिसते, वर वाळत घातलेला टॉवेल. तेव्हा संशय घेणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे म्हणा ना. पण पैलवानांपुढं मी अगदीच कच्चा गडी.

आमचं गाव उत्रोलीच्या पुढं. शिवजयंतीची आमच्या मंडळाची रीत अशी, की सकाळी शाळेत रक्तदान शिबिर आणि दुपारी जोत. पोरांची एक तुकडी तोरण्यावर जोत पेटवून पहाटेच निघते, वेल्ह्यावरनं, नसरापूरवरनं पळत पळत दुपारी कापूरहोळला पोचते. तिथून गावापर्यंतचा शेवटचा टप्पा ताज्या दमाच्या पोरांचा. ती गावातनं टेम्पोनं जातात आणि जोत घेऊन पळत येतात. वेशीवर बायका आरत्या घेऊन उभ्या, हलगी वाजतेय, गुलाल उडतोय. त्या टप्प्याचा मान काय सांगू तुम्हाला. लग्नात नवरदेवाला मिळत नाही एवढा.

आता बघा, रक्त त्याच दिवशी आणि पळणंही त्याच दिवशी. हे फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. दोन्ही महाराजांसाठीच आहे ना, मग एकाच दिवशी उरकू, असा सरळ विचार. शिबिराचे डॉक्टर दरवर्षी माइकवरून सांगायचे, बाबांनो, रक्त दिलंय तर आज पळू नका, जोर-बैठका मारू नका, जड उचलू नका, पाणी भरपूर प्या, पोटभर जेवा, गरगरलं तर लगेच आडवे व्हा. पण नेमकं तेव्हाच आमचा स्पीकरवाला पोवाडा मोठा करायचा. डॉक्टरांचं नुसतं तोंड हलताना दिसायचं, बस.

मग एका वर्षी व्हायचं तेच झालं. सकाळी रक्त दिलेलं एक पोरगं कापूरहोळ सोडून जरा पुढं आल्यावर रस्त्याच्या कडेला वाकलं, ओकलं आणि तिथंच झोपलं. देवाची कृपा, मागनं येणारा टेम्पो आमचाच होता. त्यानंतर मंडळानं नियम केला: ज्यानं रक्त दिलं त्यानं त्या दिवशी पळायचं नाही.

नियम केला, पण पाळणार कोण? रक्त देणाऱ्याला हेल्मेट मिळायचं. पळणाऱ्याला भगवा टी-शर्ट आणि बॅनरवर फोटो. पोरांना दोन्ही पाहिजे. मग सकाळी रक्त द्यायचं, कोपरावरची चिकटपट्टी काढून टाकायची, लांब बाहीचा टी-शर्ट चढवायचा आणि टेम्पोत जाऊन बसायचं. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहतंय का? पण पोरांना कोण सांगणार.

ते सांगायचं काम पैलवानांनी अंगावर घेतलं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. नियमानंतरच्या पहिल्याच शिवजयंतीला ते टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी येऊन उभे राहिले, खांद्यावर टॉवेल, बगलेत एक प्लॅस्टिकची बाटली, आणि चढणाऱ्या प्रत्येकाला, “हात दाव.”

गावाला हे काही झेपेना. ज्याला स्वतःला काही मिळत नाही तो माणूस एवढी उठाठेव कशाला करील? कुठंतरी पाणी मुरतंय, असं सगळ्यांनाच वाटायचं. कुणी म्हणायचं, हे दुसऱ्या गटाचे आहेत, मंडळाची जोत मोडायला आलेत. कुणी म्हणायचं, यांच्या पुतण्याला मान मिळाला नाही म्हणून ही खुन्नस. आणि एक गोष्ट तर मलाही खटकायची. लोकांचे हात तपासणाऱ्या या माणसानं स्वतः शिबिरात कधी रक्त दिलं नाही. मंडळाचे अध्यक्ष मुद्दाम माइकवरून पुकारायचे, “आता आपले पैलवान रक्तदान करणार!” पैलवान पाठ फिरवून चालायला लागायचे. पोरं हसायची. एवढा रेडा माणूस, आणि सुईला भितोय.

खरं तर संशयाचं मूळ आणखी जुनं होतं. पैलवान तरणेबांड होते तेव्हाची गोष्ट. गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत पालखीच्या पुढच्या दांडीला त्यांचा खांदा असायचा. एका वर्षी देवळाच्या पायऱ्यांवरच ते कोसळले. पालखी कलंडली, देवाचा मुखवटा मातीत पडला. असला आडदांड गडी असा चालता चालता कोसळतो म्हणजे काय? गावानं लगेच ठरवलं, प्यालाय. पैलवान मान खाली घालून उभे राहिले, हो नाही की नाही नाही. देवापुढं नारळ फोडला, दंड भरला, पण पालखीला खांदा द्यायचा मान गेला तो गेलाच.

माझ्या वडिलांनी मला ही गोष्ट लहानपणी सांगितली होती, आणि पैलवान टेम्पोपाशी उभे राहायला लागल्यावर ते मला म्हणाले, “तेवा त्या बाटलीकडं लक्ष ठेव.”

म्हणून मी ठेवलं. एकदा पैलवान जरा बाजूला गेले, तेवढ्यात मी टेम्पोवर ठेवलेली त्यांची बाटली उघडून नाकाला लावली. मागनं आवाज आला.

“घे, घे वास. आमच्या घरात रोज घेत्यात. तू बी घे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वास तर काहीच नव्हता. लिंबाचा होता. पैलवान म्हणाले, “पी की एक घोट.” प्यालो. गूळ, मीठ, लिंबू. रक्त दिलेली पोरं बसवली की त्यांना पाजायचं पाणी ते घरनं करून आणायचे. मी बाटली परत दिली, सॉरी म्हटलं. तरी मनातनं म्हटलंच, ही दुपारची बाटली. संध्याकाळची वेगळी असेल.

त्यांची डॉक्टरकी शंभर नंबरी होती असं समजू नका हं. त्यांच्या मते रक्त परत भरताना पायाकडनं वर भरत येतं, हंड्यात पाणी चढतं तसं, म्हणून त्या दिवशी माणसानं पाय वर करून पडावं. पाय वर करणं बरोबर, कारण चूक, असं डॉक्टर हसून म्हणायचे. रक्त दिल्यावर आठवडाभर वांगं खायचं नाही, असंही त्यांचं एक म्हणणं होतं. त्याला कशाचाच आधार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामशाळेत जाऊन बसायचे. काल रक्त दिलेलं कुणी वजनाजवळ गेलं की, “ए! आज नुस्तं चाल. भोरच्या पुलापर्यंत जा आन् माघारी ये. वजन परवा बगू, तेबी दम लागला न्हाई तर.” पोरं दात-ओठ खायची, पण वजन ठेवायची.

आणि चुकायचेही. एका पोराच्या कोपरात करवंदीचा काटा लागलेला होता. पैलवानांनी दाबलं, पोरगं कळवळलं, झालं. “बस.” पोरगं शपथा घेतंय, आईची, महाराजांची. पैलवान हलेनात. त्याला टेम्पोत चढू दिलं नाही ते नाहीच. तो रडत घरी गेला आणि त्याचा बाप भांडायला आला.

“म्या चुकलो आसंन,” पैलवान त्याला म्हणाले. “पर पोरगं घरी हाय न्हवं तुझं? मग भांड निवांत.”

आता ऋतुजाचं सांगतो. तिच्यासाठीच तर एवढं सगळं सांगितलं.

ऋतुजा म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मोठी पोरगी. पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज सकाळी भोर रस्त्याला तिचे बूट वाजायचे, म्हाताऱ्यांना गजर लावायला नको. पोरांना मागं टाकायची, म्हणून पोरांना ती फारशी आवडत नव्हती. त्या वर्षी बायकांनी लावून धरलं, की वेशीतनं जोत आणायचा मान या खेपेला पोरीला द्या. मंडळात भांडणं झाली, दोघंजण रुसून घरी बसले, पण शेवटी ठरलं. गावात पहिल्यांदा पोरगी जोत आणणार. अध्यक्षांनी बॅनर आधीच छापून टाकला, अर्ध्यात महाराज, पाव भागात अध्यक्ष, आणि उरलेल्या कोपऱ्यात ऋतुजा.

त्या दिवशी सकाळी शिबिरात ती मैत्रिणीबरोबर नुसती बघायला आली होती. तिथं बसलेला एक शहाणा म्हणाला, “पोरींच्यात रक्त कुठं असतंय? डॉक्टर माघारीच पाठवत्यात.” झालं. पोरगी तडक जाऊन टेबलाशी बसली. तपासलं तर रक्त उत्तम. डॉक्टर म्हणाले दे. तिनं दिलं, आणि दुपारी मी जोत घेऊन पळणार आहे हे काही डॉक्टरांना सांगितलं नाही. अध्यक्षांना सगळं माहीत होतं. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, “काय होत नाही. पट्टी तेवढी काढून टाक.” हे आम्हाला मागाहून कळलं. मी तेव्हा खुर्च्यांचा दुसरा टेम्पो आणायला भोरला गेलो होतो.

दुपार झाली. ऊन मी म्हणत होतं. टेम्पो सुरू झालेला, पोरं चढलेली, बायका आरत्या घेऊन मांडवात बसलेल्या. त्यात पैलवानांची कारभारीणही होती, आमच्या काकू, पहिल्याच रांगेत. ऋतुजा आली, लांब बाहीचा भगवा टी-शर्ट, डोक्याला पट्टी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती फाळक्याला हात घालून चढणार, तेवढ्यात,

“हात दाव.”

तिनं उजवी बाही वर केली.

“दुसरा.”

“आबा, उशीर होतोय.”

“हू दे.”

ती काही बाही वर करेना. पैलवान पोरांचे हात दाबून बघायचे, पण पोरीच्या हाताला हात लावणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. ते नुसते फाळक्याला आडवे उभे राहिले. अध्यक्ष धावत आले.

“पैलवान, बाजूला व्हा. पोरगी आहे म्हणून अडवताय ना? गावात पहिल्यांदा पोरगी मान घेतीय, ते तुमच्या पोटात दुखतंय!”

बायकांत कुजबुज सुरू झाली. ऋतुजाची आई पुढं आली, म्हणाली, “माझ्या पोरीला गावादेखत बाह्या वर करायला लावताय, लाज वाटत न्हाई व्हय?” खरं सांगू? मलाही वाटलं, म्हातारा आज हटकून खोडा घालतोय. इतकी वर्षं ज्याचा संशय होता ते हेच असणार. आणि मग मागनं कुणीतरी मोठ्यानं बोललं, “सकाळीच घेऊन आलंय म्हातारं.”

लोक हसले. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी आरतीच्या ताटाकडं मान खाली घातली होती. ती मान खाली घालायची त्यांची सवय जुनी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पैलवानांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

“प्यालो न्हाई,” ते म्हणाले. “त्या दिवशी बी प्यालो न्हवतो.”

“कुठल्या दिवशी?” अध्यक्षांनी विचारलं.

“पालखीच्या.”

स्पीकरवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी पोवाडा बंद केला. पैलवान कुणाकडं न बघता, ऋतुजाकडं तोंड करून बोलत होते.

“यात्रेच्या दिवशी सकाळी पुण्याला गेल्तो. तालमीतला दोस्त दवाखान्यात हुता, त्याला बगाया. तितं दाराशी एक बाई रडत हुती. नवऱ्याला रगत पायजे म्हणं, आन् कुणी देईना. म्या म्हनलं घ्या की, पैलवानाचं हाय, दोघांना पुरंल. घेतलं त्यांनी. नर्सबाई म्हनली, आज काय उचलू नगा, नीट खावा-प्या. म्या हसलो तिला. यश्टीनं माघारी आलो. पालखीवाल्याला त्या दिवशी उपास, पान्याचा घोट न्हाई. तसाच खांदा दिला.”

“मग सांगितलं का नाही?” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून संशय होता. “गावानं दंड घेतला तेव्हा तोंड होतं की तुम्हाला.”

“काय सांगू? पैलवान गडी, आन् वाटीभर रगत दिलं तर चक्कर येऊन पडला? तालमीत तोंड दावाया जागा ऱ्हायली नसती. पिऊन पडला तर गाव चार शिव्या देतं आन् इसरतं. चक्कर येऊन पडला तर जलमभर बायल्या म्हनत्यात. म्हनलं, प्यालो तर प्यालो.”

मागं एक-दोघं हसले. “आता गोष्ट रचतंय,” तोच मघाचा आवाज आला. “पुरावा काय?”

पुरावा काहीच नव्हता. ती बाई कोण, तिचा नवरा जगला की मेला, पैलवानांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मीसुद्धा मनात म्हटलं, हे खरं कशावरनं?

पैलवानांनी त्या आवाजाकडं लक्ष दिलं नाही. “पोरी,” ते म्हणाले, “आदी कानात मदमाश्या घोंगावल्यासारखं हुतं. मग कपाळावर गार घाम येतो, भर उनात. जिभंला कोरड. समोरची मान्सं पिवळी दिसाया लागत्यात, आन् आवाज लांब जातो, ओढ्यापल्याडनं कुणी बोलतंय आसा. तवर बसलं तर बसलं. आन् लाज वाटून हुबा ऱ्हायला, तर गेला.”

ऋतुजाचा हात अजून फाळक्यावर होता. ती हळूच म्हणाली, “आबा, मला आत्ता तसंच होतंय.”

आणि ती खाली बसली. बसली म्हणजे गुडघ्यातनंच गेली. पैलवानांनी तिला धरलं तेव्हा हाताला हात लावायचा नाही वगैरे काही राहिलं नाही. “आडवी करा तिला! मांडववाल्या, खुर्ची आण!” मी खुर्ची आणली, तिचे पाय वर ठेवले. बाही आपोआप वर सरकली, कोपरात सुईचा लाल ठिपका. तिची आई मटकन शेजारी बसली. शाळेच्या खोलीतनं डॉक्टर पळत आले, नाडी बघितली, रक्तदाब बघितला, म्हणाले, घाबरू नका, वेळेवर निजवलीत. उन्हात पळायला लागल्यावर हे झालं असतं तर अवघड होतं. मग ते अध्यक्षांना बाजूला घेऊन जे बोलले, ते मी इथं लिहीत नाही.

पोरगी शुद्धीवरच होती. पैलवानांच्या बाटलीतलं पाणी घोट घोट प्याली, रंग आला, आणि मग ढसाढसा रडायला लागली. “माझी जोत गेली आबा. परत कुठं देणारेत मला.”

“कुटं जातीया?” पैलवान म्हणाले. “म्हाराजांची जोत हाय ती, दर साल येती. पुडल्या वर्साला तू घे. न्हाई दिली तर म्या हाय. ह्या टेम्पोला हलू देत न्हाई.”

टेम्पो तिच्याशिवाय गेला. जाण्याआधी मात्र आत बसलेल्यांतली दोन पोरं गुपचूप खाली उतरली आणि सावलीत जाऊन बसली.

या सगळ्यात काकूंना सगळे विसरले होते. त्या उठल्या, आरतीचं ताट खुर्चीवर ठेवलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

“आत्ता सांगताय व्हय?” त्या कडाडल्या. “माजं क्येस पिकल्यावर? दारुड्याची बायको म्हणून पान्यावर बाया मला वाट देत न्हवत्या, तवा जीभ झडली हुती तुमची? मलाबी न्हाई सांगितलं? मी काय तालमीत सांगाया जानार हुते?”

 एवढी वर्षं अख्ख्या गावाचे हात बघणारा माणूस, स्वतःचे हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

संध्याकाळी जोत आल्यावर मी खुर्च्या गोळा केल्या. एक कमी, काकूंनी ताट ठेवलेली. अंदाज होताच, पैलवानांच्या घराकडं गेलो. ओसरीवर माझीच खुर्ची, वर पैलवान. मी अंगणातच थांबलो, कारण काकू आतनं आल्या, आणि नवऱ्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला.

“आता कशापायी?” पैलवान म्हणाले.

“सवय हाय,” काकू म्हणाल्या, आणि तशाच वाकून थोडा वेळ थांबल्या. पैलवान अगदी शहाण्या पोरासारखे मान वर करून बसून राहिले. मी खुर्ची न घेता परत आलो. माझ्या धंद्यात हे असं करायचं नसतं.

गावानं सगळं खरं मानलं असं नाही. अजूनही दोघं-तिघं म्हणतात, म्हाताऱ्यानं गोष्ट चांगली जुळवली. पण चैत्रात यात्रा आली, तेव्हा पालखीवाले आपणहून पैलवानांच्या दारात गेले. पैलवानांचा पहिला प्रश्न, “कुणी धाडलं? काय काम हाय तुमचं?” त्यांना कुणी फुकट मान देईल यावर त्यांचा विश्वासच बसेना. पार देवळाच्या पायरीपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडाकडं बघत आले. मग दांडीला हात लावण्याआधी थांबले. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

“बगा रं. समद्यांनी बगा. कायबी दिल्यालं न्हाई. आन् पोळी खाऊन आलोय, उपास केला न्हाई. देवाला सांगितलंय तसं.”

कुणी हसलं नाही. गुरवानं पुढं होऊन दोन्ही कोपर खरोखर दाबून बघितले. पालखी पायऱ्या चढून वर गेली. मी खाली मांडवाचा खांब धरून उभा होतो. काकू शेजारी होत्या, त्यांनी त्या दिवशी मान खाली घातली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गुलालानं आलं असं मी काही सांगणार नाही.

भाताची झोडणी उरकली त्या सुमारास पैलवान गेले. संध्याकाळी जेवले, निजले, सकाळी उठले नाहीत. एवढा सरळ माणूस, कुणाला संशय यावा असं काही ठेवलं नाही.

शिवजयंती आली. मांडव घातला, शिबिर झालं, डॉक्टर बोलले आणि स्पीकरवाला गप्प बसला. दुपारी टेम्पो येऊन लागला. फाळका उघडा होता, पोरं भगव्या टी-शर्टात भोवती उभी होती, पण वर कुणी चढेना. सगळे आपले इकडं तिकडं बघतायत. अध्यक्ष ओरडले, “अरे चढा की, कुणाची वाट बघताय?” तरी कुणी हलेना.

मी टेम्पोच्या कडेला दोर बांधत होतो. ऋतुजा आली. तिची भरतीत निवड झाली होती, जोत घ्यायला म्हणून ती मुद्दाम थांबली होती. काकू तिच्या मागोमाग आल्या आणि ती प्लॅस्टिकची बाटली फाळक्यावर ठेवली. ऋतुजा माझ्यापुढं उभी राहिली, दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात पुढं केले.

“काका, बघा.”

“मी काय बघू? मी मांडववाला माणूस.”

“बघा तरी.”

मी दोर सोडला. आधी उजवा, मग डावा. अंगठ्यानं हलकं दाबलं आणि हाताकडं नाही, तोंडाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड वाकडं झालं नाही. तिच्या मागं पोरांनी न सांगता रांग लावली होती, एकेक जण बाह्या वर करत होता.

मी तिचा हात धरूनच उभा राहिलो. काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

“पळ,” मी म्हणालो.